डावरी बंदूक

इलिनॉय, नदीपलीकडं
९ नोव्हेंबर, सोमवार

आई,

तुमचे गुडघे कसे आहेत? थंडी पडलीय, लोकरीचं बांधत जा. तुमच्या नातीला, जुनीला, चौथा दात आलाय, दिसेल त्याला चावते. मी तिला घेऊन माझ्या रोंडाताईकडं आलेय, हे तुमच्या लेकानं, ड्वेननं, तुम्हाला सांगितलंच असेल. नववीत शाळा सुटली माझी, लिहिण्यातल्या चुका पोटात घाला.

तुम्ही विचारत होतात, बंदूक आणलीस का? नाही आणली. का नाही, ते आज खरं सांगते.

बाबा गेल्यापासून तुमचं एकच. हरणांचा मोसम उघडतो त्या दिवशी ड्वेन घरी बसला तर लोक काय म्हणतील. "अगं, सही तर करायचीय. बंदूक तुझी, शिकार त्याची!" असं हसत म्हणालात. जज्जनं त्याला बंदुकीला हात लावू नको म्हणून सांगितलंय, ते नाही बोललात. का सांगितलं, तेही नाही.

गुरुवारी गेले मी हॅस्केलकाकांच्या दुकानात, जुनी कडेवर. फॉर्मवर विचारलेलं, बंदूक स्वतःसाठी घेताय का? मी 'हो' वर खूण केली, सही केली.

काका म्हणाले, "कसली दाखवू?"

"डावरी. गोळी भरायचा दांडा डाव्या बाजूला असतो ती."

ते माझ्या हाताकडं बघत राहिले. "पोरी, सही तर उजव्या हातानं केलीस."

"बंदूक डाव्यानं धरते मी."

"बरं. लाव खांद्याला."

मी लावली. उजव्या खांद्याला.

काकांनी बंदूक काढून घेतली. "खोटं तू लिहिलंस, तर तुरुंगात तू जाशील, तो नाही. घरी सांग, म्हातारा खडूस आहे, विकत नाही म्हणाला." आणि जुनीला बिस्कीट दिलं.

तुम्ही फोनवर चिडलात. "वेडाबाई, उजवी मागितली असतीस तर त्याच्या लक्षातसुद्धा आलं नसतं! डावरा असला तरी ड्वेननं उजवीवर भागवलं असतं."

आई, मला माहीत होतं ते. दुकानाबाहेर गाडीत बसून तोच विचार करत होते. तुम्हाला नाही म्हणायची छाती नव्हती, त्याला तर नाहीच नाही. म्हणून डावरी मागितली. खांदासुद्धा मुद्दाम चुकवला.

मार्चमध्ये मी दारावर आपटले, असं तुम्ही चर्चमध्ये सांगितलंत. दार नव्हतं ते. माझ्या कानाला बर्फ तुम्हीच लावलात. जुनी माझ्या कडेवर होती तेव्हा.

शुक्रवारी ड्वेन म्हणाला, "फॉर्म गेला उडत. व्हर्नन ट्रकमधून विकतो, आपल्या मिसुरीत कोण विचारतंय?" शनिवारी तो कामावर गेला आणि मी पोरीला घेऊन पूल ओलांडला. ताई म्हणते, इथं सरकारी परवान्याच्या कार्डाशिवाय बंदुकीच्या गोळ्यासुद्धा मिळत नाहीत. मला तेवढ्यानं धीर येत नाही. पूल त्यालाही ओलांडता येतो. दारापाशी गाडी थांबली की मी जुनीला उचलून मागच्या खोलीत जाते.

काल व्हर्ननच्या बायकोला फोन केला, काय ते सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आमच्याकडून त्याला काही मिळणार नाही." म्हणजे आता एकच उरली. बाबांची, तुमच्या शेकोटीच्या वर भिंतीवर टांगलेली. तीही डावरीच. या शनिवारी मोसम उघडतो, त्याआधी तो मागायला येईल. तुम्ही त्याला कधी नाही म्हटलेलं नाही. मीही नव्हतं म्हटलं.

ती हॅस्केलकाकांकडं नेऊन द्या. मी विचारलंय, ते कपाटात कुलपात ठेवतील. बाबांची आठवण आहे, कळतं मला. पण काकांचा फोन येईपर्यंत मी जुनीला तुमच्या घरी आणणार नाही. आला, की त्याच दिवशी आणून तुमच्या मांडीवर ठेवीन.

परवापासून ती चमचा धरायला लागलीय. डाव्या हातात.

अजूनही तुम्हाला आईच म्हणणारी,
शेल्बी