मोरा धक्क्यावरील हिरव्या बत्तीबाबत

प्रति,
मा. सहायक अभियंता,
खाडी जलपातळी कक्ष,
सीबीडी बेलापूर, नवी मुंबई.

अर्जदार: धम्मपाल सुगत गमरे, वय ६१, राहणार नेरुळ.

विषय: मोरा धक्क्यावरील पाण्याची पातळी दाखवणारी पेटी वापरात असल्याचा दाखला मिळणेबाबत, व त्या अनुषंगाने अन्य एका किरकोळ विनंतीबाबत.

संदर्भ: १) आपल्या कक्षाचे पत्र: "सदर पेटी लवकरच बदलण्यात येणार असल्याने दाखल्याचे प्रयोजन उरत नाही."
२) श्रीमती बायजाबाई कोळी, चहाविक्रेत्या, मोरा धक्का, यांचे वेळोवेळी आलेले फोन (तोंडी).

महोदया,

१. सविनय निवेदन करण्यात येते की, सदर पेटी महापे येथील ज्या कंपनीत तयार झाली ती बंद पडून बरीच वर्षे लोटली. अर्जदार व त्याची पत्नी स्मिता हे दोघेही तेथेच नोकरीस होते आणि पेटीचा ड्रायव्हर दोघांनी मिळून लिहिला. ड्रायव्हर म्हणजे गाडी चालवणारा नव्हे, हा खुलासा अर्जदाराने आपल्या आवक खिडकीवर यापूर्वी केलेलाच आहे. संगणकाच्या सिस्टीमचा जो गाभा असतो, ज्यास कर्नल म्हणतात, त्यात कोणत्या यंत्राशी कसे वागावे याच्या सूचना लिहून ठेवाव्या लागतात. त्या सूचना म्हणजे ड्रायव्हर. प्रस्तुत ड्रायव्हर नेटवर्कची केबल जेथे खोचतात त्यामागील चिपचा आहे. केबलच्या दोन्ही टोकांच्या चिपा आधी एकमेकींना आपापला वेग कळवतात, दोघींना झेपेल असा वेग ठरवतात, मग हिरवी बत्ती लागते आणि पाण्याची पातळी फलकावर उमटते.

२. या चिपची एक खोड आहे. वीज जाऊन परत आली की समोरची जागी होण्याआधीच ही हाक मारते, ओ मिळाली नाही की गप्प बसते, आणि मग गप्पच राहते. सगळे जण केबल बदलत बसले होते तेव्हा ही खोड स्मिताने हेरली. तिने ड्रायव्हरमध्ये चार ओळी घातल्या आणि त्यांच्या डोक्यावर शेरा लिहिला, "पहिल्या हाकेला ओ आली नाही तर रुसू नये. थोडे थांबून पुन्हा हाक मारावी." शेरा इंग्रजीत आहे. मराठी अर्जदाराचे असले तरी रुसणे तिचेच आहे. स्मिता करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. ड्रायव्हरच्या माथ्यावर मात्र दोघांची नावे अद्याप शेजारी शेजारी आहेत.

३. पुढे ठेकेदाराने पेटीची सिस्टीम नवी केली. त्यात हा ड्रायव्हर सुटला आणि त्याजागी सर्वसाधारण ड्रायव्हर लागला, ज्याला कोणाचीच खोड ठाऊक नसते. तेव्हापासून वीज गेली की फलक कोरा राहू लागला. ओहोटीला लाँच लागणार की नाही हे कळेना, म्हणून प्रवासी आणि होडीवाले शेजारच्या टपरीवर विचारू लागले. टपरी बायजाबाईंची. पेटीवर कंपनीच्या काळचा एक स्टिकर होता, "बिघाड झाल्यास संपर्क", आणि खाली अर्जदाराचा नंबर. त्यांनी फोन लावला. त्यांचे शब्द जसेच्या तसे: "अवो पेटीवालं, तुमची बत्ती गेली हाय. पानी किती हाय ता कलत नाय, न् लोका माजा डोका खातान."

अर्जदाराने केबल काढून पुन्हा खोचण्यास सांगितले. बत्ती लागली. तेव्हापासून वीज गेली की फोन, असा परिपाठच पडला. मोऱ्याला वीज बऱ्यापैकी जाते. पुढे पुढे बत्तीचे काम आटोपले तरी फोन लगेच ठेवला जात नसे. "जेवलास काय?" असे त्या विचारीत. "एकल्यासाठी कोन रांदतंय म्हनू नको. भात तरी लाव." अर्जदार भात लावू लागला. त्या काळात अर्जदारास बँकेखेरीज दुसऱ्या कोणाचा फोन येत नसे, ही बाब केवळ माहितीस्तव नमूद केली आहे.

४. दरम्यान कर्नल सांभाळणाऱ्या परदेशस्थ मंडळींनी जाहीर केले की, हा ड्रायव्हर कोणी वापरताना दिसत नाही, सबब तो काढून टाकावा. त्यांचे म्हणणे रास्त आहे. वापरात नसलेले घरात ठेवले की धूळ बसते, आणि अर्जदाराचे घर यास साक्षी आहे. तथापि मोऱ्याची पेटी चालू होती. म्हणून अर्जदाराने ड्रायव्हर दुरुस्त केला आणि आपल्या कक्षातील तेजस यांनी तो सौजन्याने पेटीत भरून दिला. या मंडळींची एक रीत आहे की, दुरुस्ती प्रत्यक्ष यंत्रावर ज्याने तपासली त्याचे नाव दुरुस्तीखाली कायमचे लिहितात. बायजाबाईंनी मेन स्विच पाडला, पुन्हा चढवला आणि फोनवर ओरडल्या, "लागली रं बाला! मीनी हात पन नाय लावला!" अर्जदाराने त्या दिवशी श्रीखंड आणले.

५. येथून अर्जदाराची खरी तक्रार सुरू होते आणि ती कोणाविरुद्ध आहे हे ठरवणे अवघड आहे. दुरुस्ती चोख झाली आहे. वीज जाते, येते, बत्ती आपोआप लागते, फलक एकदाही कोरा पडला नाही. त्यामुळे फोन येत नाही. कामात हयात घालवलेल्या माणसाला हे आधी सुचायला हवे होते, पण दुरुस्तीच्या भरात सुचले नाही.

आपणच फोन का करू नये, असे आपण विचाराल. अर्जदारास फोन करण्यासाठी कारण लागते. हा स्वभाव आहे, त्यास औषध नाही. एकदा नवी केबल पिशवीत घालून, म्हणजे कारण सोबत घेऊनच, अर्जदार मोऱ्याला जाऊन आला. टपरी बंद होती. बायजाबाई कोणाच्या तरी हळदीला गेल्या होत्या. अर्जदार फलकासमोर उभा राहिला. पाणी भरपूर होते, बत्ती छान हिरवी होती. निरोप ठेवण्याजोगे काही नव्हते, म्हणून ठेवला नाही. स्मिताच्या चार ओळी चिपला लागू पडल्या, अर्जदारास पडल्या नाहीत.

६. आता आपल्या पत्रानुसार पेटीच जाणार. सबब विनंती की:

(अ) पेटी आजपावेतो वापरात होती व तिची तपासणी श्रीमती बायजाबाई कोळी यांनी केली, असा दाखला मिळावा. तो पाहून कर्नलची मंडळी दुरुस्ती दाखल करून घेतील आणि निदान अर्जदार, स्मिता व बायजाबाई अशा तिघांची नावे एका ठिकाणी राहतील. पुढे ड्रायव्हर काढला तरी जुन्या नोंदीत ती पुसली जात नाहीत.

(ब) उतरवलेली पेटी भंगारात न देता अर्जदारास मिळावी. घरी आणून ती चालू ठेवण्यात येईल. दुसऱ्या टोकाला काय जोडावे हे अद्याप ठरलेले नाही.

(क) विषयात नमूद केलेली किरकोळ विनंती: नव्या पेटीवर सोबतचा स्टिकर लावण्यात यावा. नवी पेटी अर्जदाराच्या कंपनीची नाही, तिची चिप अर्जदारास माहीत नाही आणि ती बिघडणारही नाही, याची पूर्ण कल्पना आहे. या मागणीस कोणताही तांत्रिक आधार नाही. अर्जदारास फार एकटे वाटते, एवढाच आधार आहे, आणि तो आपल्या नियमांत कोठे बसतो हे आपणच पाहावे.

आपल्या होकाराची वाट पाहणारा,
नम्र अर्जदार
(सही)
धम्मपाल सुगत गमरे
नेरुळ, दि. ९ जानेवारी २०२५

सोबत: स्टिकर, नग दोन (मोऱ्याला वारा फार, एक निघाल्यास दुसरा असावा). मजकूर पूर्वीचाच: "बिघाड झाल्यास संपर्क", व खाली नंबर. शेवटची ओळ तेवढी अर्जदाराने नव्याने घातली आहे: "न झाल्यासही चालेल."