कबालाच्या पुढचा हापसा

अण्णा,

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसले, यावरनं काय ते ओळखा. लेकीला काहीतरी कबूल करायचंय. एरवी मी कुठली पत्रं लिहायला! नांदेडला कॉलेजात होते तेव्हा तुम्ही चार कोरी पोस्टकार्डं हातात द्यायचा आणि दिवाळीला चारही तशीच परत यायची. तर ऐका. मी तुमच्याबद्दल एक खोटं बोलले होते. तेहतीस वर्षं ते ओढत आणलं, आणि खरं काय ते तोंडातनं बाहेर काढायला मला सिएरा लिओनला जावं लागलं. कुठं हाय हे, म्हणाल. आफ्रिकेच्या डाव्या अंगाला, समुद्राकाठी, नकाशात बोटाखाली झाकून जाईल एवढा देश. आमच्या बँकेतले निवृत्त लोक दुबई-सिंगापूरला जातात, चाळीस ओळखीचे एका बसमध्ये, मांडीवर चिवड्याचे डबे. मला तसं जायचं नव्हतं. जिथं 'तुम्ही कुणाच्या?' असं विचारणारं कुणी भेटणार नाही, तिथं जायचं होतं. तुमच्या जावयांनी कपाळाला हात लावला. "लेकीकडं पुण्याला चल म्हटलं तर गुडघे दुखतेत तुझे, आन् एकटी आफ्रिकेला जाऊन राहिलीस!" मी म्हणाले, "तिथं दुखत नसतेत." पिवळ्या तापाची सुई टोचून घेतली आणि निघाले.

राजधानीतनं मकेनी, मकेनीहून कबाला. तिथल्या गाडीला पोडा-पोडा म्हणतात. आपली लातूर-उदगीर काळीपिवळी आठवा, तिच्यात आणखी दहा माणसं कोंबा, टपावर दोन बकऱ्या आणि पामतेलाचे पिवळे कॅन बांधा, झाली पोडा-पोडा. मी पंजाबी ड्रेसात, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, चालकाच्या मागच्या फळीवर अंग चोरून. लोक मोडक्या इंग्रजीत विचारायचे, दुकान कुठंय तुझं? तिकडं आपल्याकडची माणसं दिसतात ती बहुतेक दुकानदारच. मी म्हणायचे, दुकान नाही, फिरायला आलेय. फिरायला? इथं? सगळी गाडी हसायची, आणि मग कुणीतरी सोललेलं संत्रं माझ्या हातात ठेवायचं. रस्त्याला लाल फुफाटा, जानेवारीची कोरडी हवा, वाळवंटाकडनं आलेल्या धुळीनं सूर्य दुपारीही पांढुरका. पंधरा दिवसांत मला माणसांची भीती अशी एकदाही वाटली नाही. छातीत धडधडलं ते एकदाच, आणि ते तुमच्यापायी.

कबालाच्या पुढं मी एका मोटारसायकलवाल्याच्या मागं बसून चालले होते. चाळिशीतला, कमी बोलणारा माणूस. एका गावात गाडीची साखळी घट्ट करायला तो थांबला. मी पाठ मोकळी करायला उतरले आणि बघते तर समोर हापसा. अण्णा, तुमचाच! तीच लोखंडी मुंडी, तोच लांब दांडा, खाली तसाच सिमेंटचा ओटा, आणि रंग उडालेल्या मुंडीवर ओतीव अक्षरांत लिहिलेलं, इंडिया. मला एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. पण दांड्याला कुणाचाच हात नव्हता. पंधरा-वीस बाया रिकामे कॅन घेऊन सावलीत बसलेल्या, आणि एक म्हातारी कुणाच्या तरी नावानं तारस्वरात ओरडून राहिली होती. तीन आठवड्यांपासून हापसा बंद आहे, मोटारसायकलवाल्यानं सांगितलं. मिस्त्री येतो म्हणाला आणि आलाच नाही. बाया खालच्या दलदलीतलं पाणी आणतात, लेकरांची पोटं बिघडलीत. आणि तेव्हा, काही विचार न करता, माझ्या तोंडून गेलं, "माझे वडील हे दुरुस्त करायचे."

त्यानं ते सगळ्यांना त्यांच्या बोलीत सांगितलं आणि सगळी तोंडं माझ्याकडं वळली. धडधडलं ते तेव्हा. हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा उच्चारत होते हो, अण्णा. तुम्हाला तो दिवस आठवत असणार, मला तर पोह्यांतल्या शेंगदाण्यासकट आठवतो. देवणीचं आपलं घर, नांदेडची मंडळी मला बघायला आलेली, वकील सासरे, इस्त्रीचे कपडे घातलेले दीर. "वडील कशात असतात?" सासऱ्यांनी विचारलं, आणि मध्यस्थ घसा खाकरायच्या आत मीच, हातात पोह्यांचा ट्रे धरून, उत्तर दिलं, "पाणीपुरवठ्यात इंजिनियर आहेत." तुम्ही समोर बसला होता. माझ्याकडं एकदाच बघितलंत. मग ग्रीसनं काळी पडलेली बोटं मांडीवरच्या टॉवेलखाली सरकवलीत आणि म्हणालात, "घ्या, पोहे घ्या, गार व्हायलेत." रात्री ओरडाल म्हणून मी वाट बघत होते. तुम्ही सायकलीची हवा बघितलीत आणि झोपलात.

त्यानंतर अकरा वर्षं तुम्ही नांदेडला आलात की इंजिनियर असायचा. निघायच्या आदल्या दिवशी रॉकेलनं नखं घासायचा, आई सांगायची मला, वर लिंबू चोळायचा. पांढरा शर्ट, खिशाला पेन. एकदा सासूबाई म्हणाल्या, "साहेब, आमच्या वाड्यातला हापसा लई जड जाऊन राहिलाय बघा." तुम्ही खुर्चीतनं अर्धे उठलात. गुडघे वाकले, हात पुढं झाला, आणि मी डोळे मोठे केले. तुम्ही खाली बसलात. "माणूस पाठवतो," म्हणालात. मला तेव्हा सुटल्यासारखं झालं होतं. आज लिहिताना स्वतःच्या थोबाडीत द्यावी वाटते.

तिथं मात्र सुटका नव्हती. पाठीला बाळ बांधलेली एक बाई उठली, हापशाच्या कमिटीची ती प्रमुख, आणि तिनं पाईप पाना सरळ माझ्या हातात दिला. इंजिनियरची लेक म्हणाले असते तर कुणी पाना दिला नसता! मी तो धरला, आणि ती हसायलाच लागली. "बापानं पाना धरायला शिकवलं नाही?" मी उलटा धरला होता. मी म्हणाले, "शिकवत होता. मी पळाले." हेही खरंच की. सातवीत असताना शाळेतला हापसा उघडून बसला होता तुम्ही आणि अख्ख्या वर्गासमोर मला हाक मारलीत, बाय, जरा पाना धर ग. मी ऐकलंच नाही असं दाखवून पाण्याच्या टाकीमागं गेले. तुम्ही दुसऱ्यांदा हाक मारली नाहीत. त्याआधीचे तीन उन्हाळे मात्र माझे होते. सायकलीच्या कॅरियरवर मी, मांडीवर हत्यारांची पिशवी, आणि तुम्ही प्रत्येक गावात माझा तळहात दांड्यावर ठेवून म्हणायचा, "डोळे मीट. हलका लागतोय? मग रॉड सुटला. पाणी उशिरा येतंय? मग वायसर गेलं."

मी दांड्यावर हात ठेवला, डोळे मिटले. दांडा पिसासारखा हलका. "रॉड," मी म्हणाले, "आत कुठंतरी रॉड सुटलाय." एवढंच केलं मी. बाकी सगळं त्यांनीच केलं, उगाच माझ्या नावावर टाकून घेत नाही. मुंडी उतरवली, सहा जणांनी मिळून रॉड वर ओढले, तिसऱ्याचे आटे पार झिजलेले. शाळेमागं एक मेलेला हापसा होता, त्यातला रॉड काढून आणला. मला पाने आणि बोल्ट ओढणीत धरून बसवलं होतं आणि मी बसले, मुकाट्यानं, ग्रीसनं माखून. उन्हं कलायला आली तेव्हा पाणी आलं. आधी गढूळ तांबडं, मग स्वच्छ. सगळ्या जणी कॅन घेऊन धावल्या तशी मी मध्ये आडवी झाले आणि त्या ओरडणाऱ्या म्हातारीला पुढं घेतलं. सगळ्यात जास्त शिव्या देणारीला पहिली घागर, हा तुमचा नियम. कारण विचारलं की तुम्ही म्हणायचा, "तिच्याच घरात रांजण कोरडा पडलेला असतोय." मी ते सांगितलं तशी म्हातारी खो खो हसली, आणि मग माझा हात धरून कितीतरी वेळ सोडेना.

परत आले आणि दुसऱ्याच दिवशी ठरवलं, आता बास. तुमचे जावई स्वयंपाकघरात मेथी निवडून राहिले होते. मी म्हणाले, "मला एक सांगायचंय. अण्णा इंजिनियर नव्हते." त्यांनी मान वर केली नाही. "माहीत हाय." कधीपासनं? "साखरपुड्याच्या आधीपासनं. आले होते ते नांदेडला, एकटेच, पहिल्या गाडीनं. बाबांना म्हणाले, मी हापशे दुरुस्त करतो. सोयरीक मोडायची तर आत्ता मोडा, पण पोरीला खोटारडी म्हणू नका, वय हाय तिचं. आन् मी सांगितलं ते तिला कळू देऊ नका, लई मानी हाय." मग बाबा काय म्हणाले? "काय म्हणतेत. जेवायला बसवलं."

अण्णा, आधी मला तुमचा रागच आला. म्हणजे तेहतीस वर्षं मी एकटीच नाटक करत होते आणि अख्खं घर बघून न बघितल्यासारखं करत होतं? मेथीची काडी न् काडी मी स्वतः निवडली, जावयांना हात लावू दिला नाही, एवढा राग. मग मोरीत जाऊन ती धुळीनं लाल झालेली ओढणी धुवायला घेतली आणि तिथंच बसून रडले, मोठ्यानं, लाज न बाळगता. तुम्ही सासऱ्यांकडं गेलात तेव्हा काय घातलं होतंत, हात कुठं ठेवले होते, कुणी पाणी दिलं का आधी, हे विचारायला आता सासरेही उरलेले नाहीत, आणि जावयांनी सगळं त्यांच्याकडनंच ऐकलेलं. मला तुमची किती आठवण येते हे मला या वयात कळावं, काय म्हणायचं याला.

आता कबूल करायचं राहिलेलं. तिकडं हापशावर खरं बोलून माझं पोट इतकं हलकं झालं होतं, आणि तरी पाणी आलं त्याच संध्याकाळी, हापशाच्या त्याच ओट्यावर, मी आणखी एक खोटं बोलले. निघताना त्या बाळवाल्या बाईनं मोटारसायकलवाल्याकरवी विचारलं, "बाप आहे का?" मी म्हणाले, "आहे. गावाकडं असतो. वय झालंय, एवढा प्रवास झेपत नाही." का बोलले, मला माहीत नाही, ठरवून नाही बोलले. ती म्हणाली, मग त्याला सांग, हापसा चालू झालाय, आता फिकीर करू नको म्हणावं. मी म्हणाले, घरी पोचले की पहिलं तेच सांगते. पोचून एकोणीस दिवस झाले, अण्णा. रोज सकाळी तोंडापर्यंत येतं.