आईच्या फोटोचे चार प्रिंट

प्रिय विशू,

पंधरा दिवस झाले, तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून कागद पुढ्यात ओढला. आपल्या वाडीतला लवू परवा सुट्टीवर निघालाय, हे पाकीट तो तुझ्याच हातात देईल. अबोला धरण्यात तू थेट आईवर गेली आहेस, तेव्हा ते लगेच उघडशील अशी माझी समजूत नाही. पण तिच्या वर्षश्राद्धाला तीन आठवडे उरलेत आणि भिंतीवर लावायला फोटो नाही. राग नंतर कर, आधी वाच.

मी पाठवलेला मोठा फोटो पाहून तू म्हणालीस, ही आमची आई नव्हेच. सुरेखाकाकूंनी तर म्हणे विचारलं, ही कुठल्या सिनेमातली बाई? मला रागच आला. सतरा वर्षं इथे आखातात, महबूल्याच्या लॅबमध्ये फोटो छापणाऱ्या बापाला पोरीने शिकवायचं! मग दुसऱ्या दिवशी दुकानात तोच फोटो पुन्हा उघडला आणि लाज वाटली. गालावरचा फोडणीचा डागसुद्धा मी पुसून टाकला होता.

इथे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच सांगतं, भैया, थोडा साफ करना. साफ म्हणजे गोरं. व्हिसाचा फोटो असो की बारशाचा, माझा हात आपोआप पिवळा कमी करतो आणि उजेड वाढवतो. तुझ्या आईने उभ्या जन्मात पावडरीचा डबा उघडला नाही, तिलाही मी त्याच चरकातून काढलं. सवयीने झालं, असं मी तुला शेवटच्या फोनवर सांगितलं होतं, त्यानंतर तू फोन घेतला नाहीस.

आता तुझ्या भावाकडून, प्रज्वलकडून, मूळ फाईल मागवली. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो वाटेतच झिजतो, हे तुला कितीदा सांगितलं असेल! मोबाईलला स्वतःचा उजेड असतो, कागदाला नसतो, म्हणून मोठा प्रिंट काढण्याआधी आम्ही छोट्या पट्ट्या काढून रंग जुळवतो. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला तोरण ओवताना तू काढलेला तो फोटो. झेंडू जमला. जांभळी साडीही जमली, ती मीच इथून आणली होती. चेहऱ्यापाशी आलो आणि अडलो. दर दोन वर्षांनी दोन महिने घरी येणारा नवरा मी, बाकी सगळा संसार मोबाईलच्या काचेतून पाहिलेला. तिचा रंग मला नक्की आठवेना.

जे सांगायला बसलोय, ते अजून लिहिलंच नाही. गेल्या वर्षी गणपतीनंतर व्हिडिओ कॉलवर ती मला पिवळी दिसायची. डोळेसुद्धा. मी तुझ्यावरच चिडायचो, मोबाईलचं सेटिंग बिघडलंय, ट्यूब बदल. तू बिचारी बदलायचीस. दिवाळीत डॉक्टरांनी कावीळ म्हणून सांगितलं, तोवर लिव्हर संपत आलं होतं. गिऱ्हाइकाच्या फोटोतला केसभर पिवळा मला दिसतो, आणि बायकोचा मी ट्यूबलाइटवर ढकलला. तुला पाठवलेल्या त्या मोठ्या फोटोतला पिवळा काढला तो सवयीने नाही, विशू. मला तो बघवेना. पाकिटात चार प्रिंट आहेत. एकात ती त्या दसऱ्याला होती तशीच आहे, मी बोटही लावलेलं नाही. बाकी तीन म्हणजे ती आजारी पडण्याआधी कशी दिसायची, याचे माझे अंदाज. दिवसाउजेडी पडवीत ठेवून बघ. तू रोज तिच्याजवळ होतीस. यातली तुझी आई कोणती, ते तूच ठरव आणि तिला भिंतीवर लाव. एकही बरोबर नसेल, तर निदान तेवढं सांगायला मला फोन कर.

तुझाच,
बाबा