अडलेल्या दोन तुकड्यांना वाट देण्याबाबत

प्रति,
मा. प्रमाणीकरण अधिकारी,
आंतरराष्ट्रीय संशोधन भागीदारी कक्ष (ग्रिड संगणन शिक्षण),
मुख्य इमारत, दुसरा मजला.

विषय : दिवंगत आईच्या खात्यात अडलेले दोन तुकडे चालवण्यास परवानगी मिळणे व खाते पुसण्याची कारवाई थांबवणे याबाबत.

संदर्भ : १) आपली 'निष्क्रिय खातेदार' ही सूचना, चौथी. २) खिडकी क्रमांक तीनवरील तोंडी बोलणे, पाच वेळा.

महोदय,

ज्या मंगळवारपासून हे प्रकरण सुरू होते, त्या दिवशी सांगण्यासारखे काही घडले नव्हते. आईने प्रयोगशाळेच्या किल्ल्या पर्समध्ये टाकल्या, चपला सरकवल्या आणि दारातूनच म्हणाली, "आज चार वाजता पोरं चौदावा धडा करून दाखवणार आहेत. तिन्ही देशांची मंडळी पडद्यावर असतील. ये की." मी मुद्रिते तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "बघते." आपल्या भाषेत 'बघते' म्हणजे 'नाही'. शब्दकोशाच्या कार्यालयात माझी अठरा वर्षे गेली आहेत, त्यामुळे मला ते ठाऊक होते, तिलाही होते. "बघ," म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता ती खाली बसली, ती पुन्हा उठली नाही. याला सात महिने झाले.

आई महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा बावीस वर्षे सांभाळत होती आणि शेवटची नऊ वर्षे आपल्या भागीदारीतला ग्रिड संगणनाचा अभ्यासक्रम शिकवत होती. यंत्राला बिचकणाऱ्या मुलांना ती सांगे, "डोंगर एकट्यानं उचलायचा नाही. त्याचे खडे करायचे आणि ज्याचे हात रिकामे, त्याला एकेक द्यायचा." भागीदारीतल्या तिन्ही देशांच्या विद्यापीठांतली रिकामी यंत्रे असे खडे उचलतात, एवढेच मला कळले होते. मी तिला चिडवायचे, "म्हणजे आपलं काम लोकांच्या गळ्यात मारायचं." त्यावर ती म्हणे, "तुमच्या कोशात तरी दुसरं काय चालतं?"

चौदाव्या धड्याला तिला मोठे उदाहरण हवे होते. आमच्या कार्यालयात साठ हजार शब्दनोंदी आहेत. एकच शब्द दोन वेगळ्या लेखनांनी दोनदा शिरलेला कुठे कुठे आहे, हे मी रोज डोळ्यांनी शोधते. तिने त्या नोंदी मागितल्या. तिची भुणभुण थांबावी म्हणून मी दिल्या, आणि विसरले. तिने त्यांचे एक्केचाळीस तुकडे करून मंगळवारी ग्रिडवर पाठवले. बुधवारी दुपारपर्यंत एकोणचाळीस परत आले. उरलेले दोन रांगेत असतानाच ग्रिडवर तिची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत संपली. कॅलेंडरवर बुधवारच्या चौकटीत तिच्या अक्षरात 'नूतनीकरण' असे लिहिलेले आहे. तेव्हापासून त्या दोन तुकड्यांसमोर 'खातेदाराची प्रतीक्षा आहे' असे दिसते. कामाला नाव द्यायच्या रकान्यात तिने 'लेकीची डोळेफोड' असे लिहिले आहे. हे मला तिच्या एका विद्यार्थिनीने दाखवले, तेही ती गेल्यावर.

आपल्या सूचनेप्रमाणे मी कागदपत्रे सादर केली. 'प्रमाणपत्र जोडा' असे म्हटले होते, म्हणून मृत्यूचे प्रमाणपत्र जोडले. उत्तर आले : 'प्रमाणपत्र मिळाले, धन्यवाद. मात्र त्यावर मुदत संपण्याची तारीख आढळत नाही. कृपया मुदत असलेले प्रमाणपत्र जोडावे.' तशा प्रकारचे मृत्यूचे प्रमाणपत्र कोणते कार्यालय देते, याची मी चौकशी केली. कोणीही देत नाही. खिडकी तीनवरचे गृहस्थ सज्जन आहेत. ते म्हणाले, "ताई, त्यांना एकदा समक्ष घेऊन या, पाच मिनिटांचं काम आहे." मी परिस्थिती सांगितली. ते ओशाळले आणि म्हणाले, "मग त्यांच्याकडून तसं पत्र आणा." पाचव्या खेपेला त्यांनी 'बघतो' असे सांगितले. या शब्दाचा अर्थ मी वर दिलेलाच आहे.

पलीकडच्या देशातल्या विद्यापीठातले एक प्राध्यापक, ज्यांना आई तोंडावर 'दाढीवाले' म्हणे आणि त्यांना ते आवडे, दर मंगळवारी स्वतःकडची दोन यंत्रे या तुकड्यांसाठी मुद्दाम रिकामी ठेवतात. त्यांनी कळवले आहे की इकडून फक्त एक कळ दाबायची आहे. विद्यार्थ्यांची नवी तुकडी पुढच्या आठवड्यात चौदाव्या धड्यावर येईल. महिनाअखेर खाते पुसले गेले, तर हा धडाच काय, आईने लिहिलेले चौदाही धडे जातील. माझे कामात चित्त लागत नाही. एक ओळ तपासते, उठते, आईच्या संगणकाचा पडदा बघून येते. तीच पाटी असते.

म्हणून विनंती अशी की ते दोन तुकडे एकदा चालू द्यावेत, धडे तिच्या नावासह अभ्यासक्रमाच्या सामाईक जागेत हलवावेत आणि त्यानंतरच खाते बंद करावे. बंद करू नये असे माझे म्हणणे नाही. तिची वाट पाहणे थांबवावे, पण काम पुरे करून.

शेवटी एक कबुली. गेल्या सोमवारी मी स्वतः आईच्या खात्यातून, नूतनीकरणासाठी, कॅमेऱ्यासमोर पडताळणीला बसले. हे नियमाबाहेर होते. सूचना आली : 'पापण्यांची उघडझाप करा. कामाचे कारण मोठ्याने सांगा.' मी सांगितले. 'आवाज जुळत नाही' असे उत्तर आले, आणि ते बरोबर आहे. ती ध्वनिनोंद आपल्या कार्यालयात असेल. त्यात मी जे बोलले ते अर्जाच्या भाषेत बसत नाही, म्हणून सोबत वेगळे जोडले आहे.

उत्तर 'हो' किंवा 'नाही' यांपैकी एका शब्दात मिळाले तरी चालेल.

आपली नम्र,
(सही)
खातेदाराची मुलगी
दिनांक : १९, मंगळवार

सोबत :
१) मृत्यूचे प्रमाणपत्र (मुदत नसलेले).
२) कॅलेंडरच्या पानाची प्रत.
३) पडताळणीच्या वेळी अर्जदार मोठ्याने बोलली ते, शब्दशः : "आई, मी येते. चार वाजता येते. मागच्या बाकावर बसते, मला काही कळणार नाही, तरी तू पहिल्यापासून सांग."