जर्मन टोप आणि सुंदराबाई

मुलुंड पूर्व,
गुरुवार, दुपार

तीर्थस्वरूप द्रौपदीआक्कास,

धाकट्या शिवदासाचा वाकता येईल तेवढं वाकून नमस्कार. (फार वाकता येत नाही, मानेला पट्टा आहे. कारण पुढे येईल, घाई करू नकोस.) तुझे गुडघे कसे आहेत? कुडाळच्या घराची कौलं परतून झाली का? भावोजी आणि भावोजींचा खोकला, दोघेही आहेत तसेच असतील. इकडे आम्ही खुशाल आहोत आणि आपल्या जान्हवीचं लग्न ठरलं. ते कसं ठरलं हे दुसऱ्या कुणाकडून मीठमसाला लावून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हा कागद.

माझा छंद तुला ठाऊक आहे. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर लोक देवळाचे विश्वस्त होतात; मी युरोपातल्या जुन्या सैनिकांचे टोप जमवतो. सात जमले होते. एक फ्रेंच, त्याला कोंबड्यासारखा तुरा. एक इंग्रजी, पालथ्या परातीसारखा (त्यात रत्नप्रभाने एकदा साबुदाणा भिजवला, महायुद्धातसुद्धा त्या टोपाचा इतका अपमान झाला नसेल). बाकीचे कपाटावर धूळ खातात आणि रत्नप्रभा सगळ्यांना मिळून ‘भांडी’ म्हणते. पण तो जर्मन टोप, काळ्या चामड्याचा, कपाळावर पंख पसरलेला गरुड आणि वर पितळी भाला, तो काही मिळत नव्हता. त्याला म्हणतात पिकेलहाउब. (रत्नप्रभा त्यातलं ‘पिकलं’ एवढंच ऐकते आणि माझ्या डोक्याकडे बघते.) शेवटी चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत एका बंद होणाऱ्या गाळ्यात सापडला. मालकाने बदल्यात माझी बाजाची पेटी मागितली. मी दिली. आमच्या मजल्यावरच्या लोकांनी दुसऱ्या दिवशी येऊन माझं अभिनंदन केलं, ते टोपाबद्दल नव्हतं हे मला उशिरा कळलं.

आता रविवार. पाच वाजता प्रांजलच्या घरची मंडळी येणार होती. प्रांजल म्हणजे जान्हवीच्या ऑफिसातला मुलगा. दोघांचं आपसांत ठरलेलं, पण त्यांच्या घरात शेवटचा शब्द आजीचा, आणि ही आजी, सुंदराबाई, थोरल्या नातवाची दोन स्थळं चहा निवायच्या आत मोडून आलेली. जान्हवी सकाळपासून माझ्या मागे. “बाबा, आज प्लीज नॉर्मल राहा ना,” असं तिने मला तीनदा सांगितलं. राहिलोच असतो गं. पण चार वाजता नवा सदरा घालून आरशापुढे उभा राहिलो आणि वाटलं, एकदा टोपाचं माप बघावं. बसला. झकास बसला. इतका झकास, की निघेना.

रत्नप्रभाने कडेने खोबरेल ओतलं. मग भांड्यांचा साबण. जान्हवीने भाला धरून ओढलं तेव्हा टोपाबरोबर मीही अर्धी खोली फिरलो. शेजारच्या शकुवहिनी मदतीला आल्या, पोट धरून हसल्या आणि गेल्या. शेवटी रत्नप्रभाने शिवणाची कात्री आणली.

“शंभर वर्षांचा आहे तो!” मी ओरडलो.

“आणि डोकं अडुसष्ट वर्षांचं. दोन्हींतलं कामाचं कुठलं ते सांगा, मी दुसरं कापते.”

तेवढ्यात बेल वाजली. मंडळी वीस मिनिटं आधीच! मला आतल्या खोलीत ढकललं, दार लोटलं आणि रत्नप्रभाने बाहेर जाहीर केलं, की हे तातडीने कुडाळला गेलेत, थोरल्या बहिणीला न्युमोनिया झालाय. (तुला झाला होता, हे तुला कळवायचं राहूनच गेलं. सोमवारपासून तुला आराम आहे.) मी दाराला टोप लावून ऐकत होतो. सुंदराबाई म्हणाल्या, “मुलीचाच बाप घरात नाही म्हणता? मग येऊ परत कधीतरी.” त्या ‘कधीतरी’चा अर्थ मला कळला, जान्हवीलाही कळला असणार, कारण तिच्या हातातल्या कपबशा वाजायच्या थांबल्या. आक्का, त्या क्षणी मला त्या गरुडाची मान मुरगळावीशी वाटली. बाहेर जावं तर डोक्यावर भाला, आणि न जावं तर पोरीचं मोडतंय.

निघण्याआधी हात धुवायला म्हणून सुंदराबाई उठल्या आणि चुकून आमच्याच खोलीचं दार उघडलं. मी धीराने उभा राहिलो, हात जोडले आणि म्हणालो, “नमस्कार. मी मुलीचा बाप.”

त्या ना किंचाळल्या, ना हसल्या. “किती वेळ अडकलंय?”

“तास होईल.”

“कोमट पाणी आणा,” त्यांनी बाहेर हुकूम सोडला, पदर खोचला आणि मला जमिनीवर बसवून डोकं दोन गुडघ्यांत धरलं. “पस्तीस वर्षं प्रसूतिगृहात काढली, लेकरा. अडकलेलं डोकं मला नवीन नाही. मान ढिली सोड. जोर तू लावू नको, मी सांगेन तेव्हा श्वास सोड.” त्यांनी ओढलं नाही, फिरवलं. कानामागून एक बोट आत घातलं, पाव वळसा डावीकडे, आणि बुळ्ळकन मी बाहेर! मग सवयीने त्यांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला, की मी मोठ्याने रडलो.

“मुलगा झाला!” त्या बाहेर ओरडल्या. “वजन भरपूर आहे!”

मान तेव्हाच लचकली. पण बाहेर जे हसू फुटलं त्यात प्रांजलचे वडील चहा सांडून बसले. सुंदराबाई जान्हवीला जवळ घेऊन म्हणाल्या, “खोटं बोललात तेव्हाच मी उठणार होते. पण असला बाप असल्यावर घरच्यांनी करावं तरी काय? तुझ्या बापाला मी जन्माला घातलंय, आता तू माझी नातच.” (या नात्याने प्रांजल माझा कोण लागतो, ते कुणी विचारलं नाही.) सुपारी फुटली. जाताना सुईणीचा मान म्हणून त्यांनी साडी नको म्हटलं आणि टोप मागितला. दिला.

भावोजींना नमस्कार, कोंबड्यांना दाणे.

तुझा, रविवारीच जन्मलेला,
शिवदास

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. साखरपुड्याआधी भांडी घराबाहेर, असा रत्नप्रभाचा निर्वाणीचा इशारा आहे. उरलेल्या सात टोपांची ट्रंक कालच कुडाळच्या गाडीत चढवली. स्टँडवर उतरवून ठेवतील, भावोजींना ती सोडवून आणायला पाठव. ओल लागू देऊ नकोस आणि कृपा करून आत कडधान्य भरू नकोस. लग्न झालं की मी न्यायला येतोच.

ता. क. वन्सं, पाकीट चिकटवण्याआधी मी वाचलं. सुंदराबाई आत आल्या तेव्हा हे धीराने उभे वगैरे नव्हते. पलंगाखाली होते, भाला तेवढा बाहेर होता. ट्रंक ठेवून घ्या, लग्नानंतरही पाठवू नका. जान्हवी गेली की घर रिकामं होईल म्हणून हे रोज डोळे पुसतात. मला एकदा ते रिकामं घर बघायचंच आहे. – रत्नप्रभा