सहा बाटल्या आणि मालतीबाईंची बॅग

नेरूळ, बुधवार

प्रिय अभयराव यांस,
दिलीपचा सप्रेम नमस्कार.

बॅग मिळाली. काल संध्याकाळी सुचित्राने तिची दोन्ही कुलपं लावून, उघडून, पुन्हा लावून पाहिली आणि शेजारच्या मालतीबाईंनी तिला कान लावून ती हलवली व आतून कसलाही आवाज येत नाही अशी खात्री दिली. तेव्हा तुमच्या साठीच्या कार्यक्रमाला आम्ही शनिवारच्या विमानाने सहा बाटल्या वाइन घेऊन नागपूरला येत आहोत, हे आता पक्कं समजावं.

वाइन क्रांतीने केलेली आहे. इथे तुम्ही पत्राची घडी घालून ते टीपॉयवर ठेवाल, म्हणून लगेच सांगतो की हे पत्र वाइनबद्दल नाही आणि तुमच्या मुलीबद्दलही नाही. ते बॅगेबद्दल आहे. निर्धास्तपणे वाचा.

तुमचा गुडघा कसा आहे? पायलची साखर आटोक्यात आहे का? माझी तब्येत उत्तम आहे (सुचित्राचं मत वेगळं आहे; ते तिने वेगळ्या पत्रात कळवावं). हे सगळं फोनवर विचारता आलं असतं. पण फोनवर क्रांतीचं नाव निघालं की तुम्ही "हं, पायलशी बोला" म्हणून फोन बायकोच्या हातात देता. पत्र (कुरिअरने पाठवतोय, शुक्रवारी मिळेल) तसं मध्येच देता येत नाही. दिलंत तर पायल ते मोठ्याने वाचेल.

तुम्ही बजावलं होतंत, "साडूभाऊ, येताना काही आणू नका. फुटणारं तर नाहीच नाही." मी हो म्हणालो होतो आणि त्या वेळी मनापासून म्हणालो होतो. त्यानंतर क्रांती नाशिकहून आली. बँक सोडून ती जिथे वाइन करायला शिकली, तिथे यंदा एक लाकडी पिंप पहिल्यांदाच पूर्णपणे तिच्या हवाली केलं होतं. त्या पिंपातल्या पहिल्या सहा बाटल्या तिने आमच्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि म्हणाली, "काका, बाबांच्या साठीला न्याल?" तूच का नेत नाहीस, असं सुचित्राने विचारलं. त्यावर ती म्हणाली, "मावशी, बाटली फुटली तर दुसरी भरता येते. बाबांनी दार लावून घेतलं तर काय करू?" (सुपारीसुद्धा न खाणाऱ्या घरातली पोरगी दारू गाळते, हे तुमचं वाक्य आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे, म्हणून ते इथे लिहीत नाही.) असो. बॅगेकडे वळू.

विमानात बाटली मांडीवर घेऊन बसता येत नाही. ती सामानात द्यावी लागते, आणि सामान गाडीवरून विमानात कसं चढतं ते मी एकदा खिडकीतून पाहिलं आहे. पाहिल्यावर मी नजर वळवली होती. क्रांतीने जाताना तीन गोष्टी सांगितल्या. बाटली बाटलीला लागू द्यायची नाही, बॅगेच्या कडेला ठेवायची नाही आणि उन्हात तापू द्यायची नाही. मला ह्या सूचना लहान बाळ सोपवताना द्यायच्या धाटणीच्या वाटल्या, पण मी त्या गंभीरपणे ऐकून घेतल्या.

पहिला प्रयत्न सुचित्राचा. तिने आयुष्यभर चकल्यांचे डबे आणि लोणच्याच्या बरण्या भावंडांकडे पोचवल्या आहेत, त्यामुळे काचेच्या बाबतीत ती कोणाचं ऐकत नाही. प्रत्येक बाटलीला जुन्या सुती साडीचे तीन वेढे, तोंडाला प्लास्टिकची पिशवी, पिशवीला दोरा. सहा बाटल्या बांधून झाल्यावर सोफ्यावर सहा बाळंतविडे मांडल्यासारखे दिसत होते. आमच्या जुन्या कापडी बॅगेत त्यांतले चार मावले. उरलेले दोन पर्समध्ये नेईन असं ती म्हणाली, आणि तिला सुरक्षा तपासणीचे नियम समजावून सांगण्यात आमची एक संध्याकाळ गेली.

मग मी वाशीला जाऊन कडक कवचाची बॅग पाहिली. दुकानातला विक्रेता बॅगेवर चढून उभा राहिला. नुसता उभा राहिला नाही, नाचला. "काका, बघा, काय झालं का? यावर हत्ती उभा करा." मी म्हटलं, बॅगेला काही होत नाही हे दिसतंय, आत जे असेल त्याचं काय? त्यावर तो खाली उतरला आणि म्हणाला, "आतलं आपल्या नशिबावर." इतकं प्रामाणिक उत्तर मिळाल्यामुळे मी ती बॅग घेतली.

घरी आल्यावर चाचणी करायची ठरली. क्रांतीच्या बाटलीवर प्रयोग करणं शक्य नव्हतं, म्हणून मालवणहून आलेल्या कोकम आगळाच्या दोन बाटल्या माझ्या कपड्यांत गुंडाळून आत ठेवल्या आणि बॅग जिन्यावरून सोडली. (जिना पहिल्या मजल्याचा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी नंतर विचारलं तेव्हाही मी पहिलाच मजला सांगितला.) बॅग शेवटच्या पायरीवर आपल्या चाकांवर उभी राहिली. अंगावर ओरखडा नाही. उघडून पाहिली तर विक्रेत्याचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं होतं. तुमच्या कार्यक्रमासाठी शिवलेला माझा पांढरा झब्बा आता गुलाबी आहे. तुम्हाला त्याचं आश्चर्य वाटू नये म्हणून आधीच कळवतो.

त्यानंतर कळंबोलीला गेलो. तिथे आमच्या ओळखीचे एक मारोती आहेत, ते ट्रान्सपोर्टचा धंदा करतात आणि काचेची तावदानं पार कोल्हापूरपर्यंत पाठवतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेंढा भरलेली लाकडी पेटी ठोकून दिली. पेटी अशी झाली की तिच्यात बाटल्या काय, ट्रकचं इंजिनही सुखरूप गेलं असतं. फक्त ती रिकामीच आम्हा दोघांना उचलेना, आणि विमानात माणशी पंधरा किलोच चालतं. मारोती म्हणाले, "मग विमान कशाला? ट्रकने पाठवा की. विमानाला ब्रेक असतो का?" पेटी सध्या गॅलरीत आहे आणि सुचित्राने तिच्यावर तुळस ठेवली आहे.

आणि मग मालतीबाई. त्या आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. एकट्याच असतात, मुलगा वरद परदेशात. आमची हालत पाहून म्हणाल्या, "नाजूक सामानाची एक बॅग आहे माझ्याकडे. वरदने आणलेली. त्यात माझ्या गौरी असतात." त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून ती काढली आणि उघडली. आत जाड फोम, फोममध्ये बारा लांबट खाचा. मधले दोन तुकडे काढून तिथे दोन्ही गौरींचे मुखवटे मलमलीत निजवलेले, आणि बाकीच्या खाचांत गौरींचे हात, दोन समया, एक अत्तरदाणी. झाकणाच्या आत उभ्या दांड्याच्या पेल्याचं चित्र होतं. मालतीबाई ते समईचं समजत होत्या.

इथे माझी चूक झाली. मी म्हणालो, "अहो, ही तर खास वाइनच्याच बाटल्यांची बॅग आहे!"

अभयराव, मालतीबाई खुर्चीत बसल्या. "म्हणजे इतकी वर्षं माझ्या गौरी दारूच्या बॅगेत बसल्या?" मी समजावलं की त्या बॅगेत दारू कधी गेलीच नाही, गौरीच गेल्या, तेव्हा ती गौरींचीच बॅग. त्या म्हणाल्या, "मग गौरींच्या बॅगेत तुम्ही दारू घालायला निघालात!" दोन्ही बाजूंनी मीच अडकलो. सुचित्राने माझ्याकडे पाहिलं आणि मी बोलायचं थांबलो. मग तिनेच सांगितलं की वाइन बहिणीच्या मुलीने केलेली आहे, बापासाठी आहे, आणि बाप तिच्याशी बोलत नाही.

"पोरगी घरी जाते का?" मालतीबाईंनी विचारलं.

"नाही."

मालतीबाईंनी एकदा मुखवट्यांकडे पाहिलं. मग उठल्या, आपल्या लग्नातला शालू काढला, मुखवटे त्यात गुंडाळून देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवले आणि रिकामी बॅग सुचित्राच्या हातात दिली. म्हणाल्या, "गौरी तरी कोण असतात? लेकीच ना. वर्षातून एकदा घरी येतात. आल्यावर त्यांना कोणी विचारतं का, बाई, तू तिकडे काय उद्योग करतेस? आधी भाजी-भाकरी वाढतात. न्या ही बॅग."

बॅगेची हकीकत इथे संपते. सहाही बाटल्या खाचांत अशा बसल्या आहेत की जणू त्यांची मापं घेऊन बॅग केली असावी. (तशी ती केलेलीच आहे, हे मी आता मालतीबाईंसमोर बोलत नाही.)

पायलला आशीर्वाद. कार्यक्रमाची फार धावपळ करू नका, गुडघ्याला जपा.

तुमचा,
दिलीप

ता. क. बाटली उघडलीच पाहिजे असं काही नाही. शोकेसमध्ये ठेवलीत तरी चालेल. लेबलवर खाली बारीक अक्षरांत क्रांतीचं पूर्ण नाव आहे. मधलं नाव तुमचं. चष्मा लावून पाहावं.

ता. क. २. वजनाचा हिशोब जमेना. माझे पंधरा किलो आणि सुचित्राचे पंधरा तिच्या लाडवांनी, चिवड्याने आणि पायलसाठी घेतलेल्या कढईने संपले. मालतीबाईंच्या बॅगेसाठी तिसरं तिकीट काढावं लागलं, आणि तिसऱ्या तिकिटावर नुसतं सामान पाठवू देत नाहीत, माणूस लागतो. माणूस क्रांती आहे. तुम्हाला फुटणारं काही नको होतं, हे माझ्या लक्षात आहे.

ता. क. ३. शनिवारी साडेअकराला उतरतो. बॅग पट्ट्यावरून क्रांतीच उचलेल, कारण माझा खांदा त्या दिवशी दुखणार आहे. संध्याकाळच्या विमानाचं परतीचं तिकीट तिने स्वतःच्या पैशाने काढून ठेवलं आहे. बाहेर तुमचा ड्रायव्हर पाटी घेऊन उभा असला तर क्रांती बॅग त्याच्या हातात देईल आणि आत परत जाईल. तेव्हा ड्रायव्हरला सुट्टी द्या. गुडघ्याला काठी घ्या आणि तुम्हीच या. पाटी लागणार नाही, ती तुम्हाला ओळखते. पायलला तेवढं सांगा की त्या दिवशी भाजी-भाकरीच कर.