निळदेठीची खात्री

३ ऑक्टोबर, दुपार
सापडली! ऑफिसला उशीर झाला म्हणून तळ्यामागच्या जंगलातून शॉर्टकट मारला आणि एका म्हाताऱ्या झाडाच्या बुंध्याशी सहा अळंब्या. राखाडी टोपी, सडपातळ देठ. माझ्या अळंब्यांच्या पुस्तकात शेवटच्या पानावर जिचा फोटोसुद्धा नाही, नुसतं चित्र आहे, ती निळदेठी. शंभर टक्के. माझा मोबाइलवरचा फोटो त्या चित्रापेक्षा चांगला आलाय. ऑफिसात लक्ष लागलं नाही. साहेब म्हणाले, एरवी कुठे लागतं?

३ ऑक्टोबर, संध्याकाळ
अळंबी मंडळाला फोन लावला. वाजायच्या आत ठेवला. गेल्या खेपेस मी कळवलेली दुर्मीळ अळंबी म्हणजे बुरसटलेला पाव निघाला. त्याआधीची, चेंडू. लांबून कुणीही फसलं असतं. मी जवळून फसलो, ही गोष्ट वेगळी. अध्यक्षबाईंनी सगळ्यांदेखत सांगितलंय, आणखी एक खोटी बातमी आणली की तुमचं नाव कमी.

तीन वर्षं तात्पुरता मेंबर आहे मी. या मंडळाशिवाय मला आहेच काय? ऑफिसात मला कुणी काही विचारत नाही. घरात विचारतात, पण दूध आणलं का, एवढंच.

संकल्प: पूर्ण खात्री झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. धीर धरायचा. धीर माझ्या स्वभावातच आहे.

४ ऑक्टोबर
पुस्तक म्हणतं, देठ कापला की निळा पडतो. एक उपटून आणली, ओट्यावर कापली. निळी! बायको म्हणाली, हिरवी. सोफा घेतल्यापासून रंगाच्या बाबतीत आमचं एकमत नाही. दोष ट्यूबलाइटचा. तुकडे फ्लश केले. मंडळाचा सेक्रेटरी माझ्या कचऱ्यातूनही शोध लावायला कमी करणार नाही.

५ ऑक्टोबर
दुसरी उन्हात कापली. निळीशार. मग आठवलं, आपला चष्मा उन्हात काळा होतो. चष्मा काढला तर रंग राहू दे, अळंबीच दिसेना. बहुतेक निळीच. हीपण फ्लश.

६ ऑक्टोबर
आता ठसा. टोपी कागदावर पालथी ठेवायची, वर वाटी झाकायची आणि सकाळपर्यंत हात लावायचा नाही. टोपीतून बारीक पूड पडते, तिच्या रंगावरून जात ठरते. निळदेठीची पूड गुलाबी.

७ ऑक्टोबर
हात लावला नाही. फक्त वाटी उचलून बघितली. अधूनमधून. सकाळी कागदावर नुसता फराटा. वाटीचं बूड गुळगुळीत, निसटते. बायको म्हणाली, भातावरचं झाकण तरी तुम्ही कधी धड राहू दिलंय का! भाताचा इथे काय संबंध?

८ ऑक्टोबर
काल आणखी एक आणली. ठसा गुलाबी! घरभर नाचलो. तेवढ्यात मेहुणा आला. त्याने पूड फुंकून कागद उलटला. त्याच्याच दुकानाचं हँडबिल, गुलाबी. म्हणाला, दाजी, कुत्र्याच्या छत्र्यांपायी तुमचं डोकं फिरलंय. कागद पांढरा हवा हे पुस्तकात ठळक छापायला नको? लोक पुस्तकं लिहितात पण जबाबदारी घेत नाहीत.

९ ऑक्टोबर
पुन्हा एक, या वेळी पांढऱ्या कागदावर. वाटी उचलू नये म्हणून बायकोने मला मेहुण्याकडे झोपायला हाकललं. मला झोप कुठली! तिथे त्यांच्या डब्यांची झाकणं उघडून बघत होतो.

१० ऑक्टोबर
घरी येऊन वाटी उचलली. गुलाबी! रेघ न् रेघ स्वच्छ. बायकोला मिठीच मारली. ती म्हणाली, दूध उतू जातंय, सोडा.

अध्यक्षबाईंना फोन केला. आधी सुस्कारा ऐकू आला. मग म्हणाल्या, रविवारी येते. जागेवर, उभी बघायचीय. तोवर हात लावू नका. म्हटलं, छे, मी काय लहान आहे?

११ ऑक्टोबर, दुपार
शेवटची ठणठणीत आहे. ऑफिसला जाताना पाहिली. जेवणाच्या सुट्टीत पाहिली. पोटात दुखतं सांगून निघालो आणि पुन्हा पाहिली. तर समोरून सेक्रेटरी! गळ्यात दुर्बीण. सहज फिरायला आलो म्हणे. सहज! मी अळंबीपुढे पाय फाकून उभा राहिलो आणि तो कंटाळून जाईपर्यंत त्याला गुडघेदुखी सांगितली. जाताना मागे वळून बघत होता.

११ ऑक्टोबर, संध्याकाळ
बसवेना. हा माणूस उद्या पहाटे येणार. कुदळ आणि बादली घेऊन गेलो. अळंबी मातीसकट काढली. चहूबाजूंनी हातभर खोल खणलं, त्याच्यासाठी मागे काही उरायला नको. झाडाची मुळं मधे येत होती, तीही तोडली. कामात कुचराई नाही. बादली बाल्कनीत ठेवली. चिमूटभर खत घातलं. बरं, मूठभर.

१२ ऑक्टोबर
मान टाकलीय. पाणी घातलं.

१२ ऑक्टोबर, संध्याकाळ
बादलीत काळा चिखल. बाल्कनी पश्चिमेला आहे. घर घेताना मी पूर्वेची म्हणत होतो, ऐकतो कोण?

१३ ऑक्टोबर, रविवार
अध्यक्षबाई आल्या. ठशाची पूड सोबत आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिली. मग मोबाइलवरचा फोटो. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मला वाटलं, नाव कमी. मग हळूच म्हणाल्या, अहो, ही खरंच निळदेठी आहे. आयुष्यभर शोधतेय मी हिला. लगेच उठल्या. म्हणाल्या, चला, दाखवा.

मी बादली दाखवली. त्यांनी पेन्सिलीने चिखल ढवळला आणि पेन्सिल खाली ठेवली. म्हणाल्या, एक गेली तर जाऊ दे. खरी अळंबी जमिनीखाली असते, झाडाच्या मुळांना धरून. तिथे खणलं नाहीत ना? मी चपला घातल्या. त्यांना जागेवर घेऊन गेलो. खड्ड्याच्या काठावर त्या खालीच बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पाणी आहे का, एवढंच विचारलं. मी आणलं नव्हतं.

ओळख अचूक होती, म्हणून मला कायम मेंबर केलं. अट एकच. मंडळाबरोबर जंगलात यायचं नाही. एकट्यानेही नाही.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, काय निघालं? म्हटलं, माझंच बरोबर निघालं. म्हणाली, मग रडताय कशाला?